मावशीचा पगार शून्य!

“तू मास कॉम केलंयस ना? मग बँकेला काय लिहायचं ते तुलाच जमेल,” मावशीनं फर्मान काढलं. मास कॉमचा आणि बिझनेस प्लॅनचा काय संबंध, हे सांगायच्या आत फोन कट. झालं, लॅपटॉप उचलला आणि थेट जालना गाठलं.

मावशीचं पार्लर तेवीस वर्षांचं. तीन खुर्च्या, दोन मुली आणि आरशाच्या कडेला चिकटलेल्या गिऱ्हाइकांच्या टिकल्या. पुढच्याच गल्लीत चकाचक एसी सलून सुरू झालंय. म्हणून हिला मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटातलं कर्ज हवं होतं. ५० हजारांच्या वर, ५ लाखांपर्यंत मिळतं ते. २०१८च्या ‘शिशु’ कर्जाचा रिपोर्ट झेरॉक्स काढून पुन्हा द्यायचा तिचा बेत होता. बँकेनं नवा मागितला.

तसं २०१८नंतर बदललंयही बरंच. २२ सप्टेंबर २०२५पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मावशीची उलाढाल २० लाखांच्या आतली, तिला जीएसटीची भानगडच नाही. बिल हलकं होणार ते एसीवाल्यांचं!

मी २०२६चा ग्राफ काढला. मे म्हणजे लग्नसराई, तिथला बार सगळ्यांत उंच. एकदम प्रोफेशनल! मावशीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं.

“१७ मे ते १५ जून अधिक महिना आहे, बाई. नवरी कुठून आणू?”

माझा बार धाडकन खाली.

“पण धोंड्याला लेकी-जावई येतात,” ती लगेच म्हणाली. “ब्रायडल खोड, फेशियल लिही.”

मग खर्च. भाडं, वीज, वॅक्स, दोरा, मुलींचे पगार, पाण्याचा टँकर. तिला सगळं तोंडपाठ.

“आणि तुझा पगार?”

“माझा कशाला? दुकान माझंच आहे की.”

सकाळी दहा ते रात्री आठ उभी असते ही, रविवारीसुद्धा. (मीही फ्रीलान्सर, माझा तरी पगार कोण लिहितं म्हणा!) मोठ्या मुलीला देते तेवढाच आकडा मी मावशीच्या नावावर टाकला. खालची बेरीज लाल झाली.

मावशी स्क्रीनकडे बघत राहिली. तेवीस वर्षं ‘बरं चाललंय’ म्हणत होती ती. मला वाटलं, उगाच विचारलं. खोडू का, म्हटलं.

“राहू दे,” ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, “आयब्रोचे तीसचे चाळीस केले तर?”

हिशेब केला. लाल गेलं नाही, पण कमी झालं. कॉलेजच्या मुलींना मात्र तीसच, यावर ती अडून बसली. त्या मुली पुढे नवऱ्या होऊन येतात म्हणे. मी मुकाट्यानं वेगळी ओळ टाकली.

रात्री शटर ओढताना तिनं विचारलं, “सोमवारी बँकेत जायला अर्धा दिवस मोडणार. तो कुठल्या रकान्यात लिहायचा गं?”