ऐन इंट्रोला गप्प

दुकानात ती कधीच बिघडत नाही. बर्डीच्या त्या अरुंद गाळ्यात अॅम्पला जोडून तार छेडली की असा खणखणीत आवाज देते, की आणणारा खोटा पडावा. डॉक्टरसमोर नेल्याबरोबर ज्याचा खोकला थांबतो, त्या पोराचीच ही जात.

"काल स्टेजवर तीनदा बंद पडली ना जी! आता पाहा, कशी वाजून राहिली," मालक वैतागतो. मिस्त्री काही बोलत नाही. अशा त्याने पुष्कळ पाहिल्या आहेत. पूर्ण मेलेली गिटार परवडते. अधूनमधून मरणारीला रंगेहाथ पकडावं लागतं.

लाल अंग, पांढरी प्लेट, तीन पिकअप, एक व्हॉल्यूम, दोन टोन. लिओ फेंडरने १९५४ मध्ये आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरची ही नक्कल. माथ्यावरचं नाव कधीच घासून गेलंय. उजवा हात टेकतो तिथला रंग घामाने उडालाय. मे महिन्यातल्या लॉनवरच्या लग्नात पारा पंचेचाळीसच्या आसपास, अंगात चमकीचा कोट, आणि तो सगळा घाम हिच्यावर. पुढे गणपती, मग शारदोत्सव. ऑर्केस्ट्रात बाकी कोणाला सुट्टी मिळेल, हिला नाही.

तिची बदनामी झाली ती 'दम मारो दम'मुळे. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या या गाण्यात भूपिंदर सिंगने वाजवलेली गिटार लोकांच्या कानात इतकी बसली आहे, की ती सुरू होताच मागच्या खुर्च्यांतून शिट्ट्या येतात. आणि ही नेमकी तिथेच गप्प. मंडळींनी ठरवून टाकलं, बाई नखरेल आहे. खरं म्हणजे त्या शिट्ट्यांनी चेकाळून वाजवणाराच दोन पावलं पुढे येतो आणि केबलला हिसका बसतो.

मला विचाराल तर त्या अख्ख्या ताफ्यात तीच सरळ. दुखतं कुठे ते सांगते, फक्त तिचं गप्प होणं नीट ऐकायला हवं. आवाज जाऊन मोठी घूं सुरू झाली, तर कुठली तरी तार सुटली. घूं नाही, खरखर नाही, एकदम ठार शांतता, तर नको तिथे तार टेकली आणि सगळा सिग्नल अर्थिंगमध्ये गेला. बटण फिरवताना कुरकुरली तर पॉटमध्ये धूळ. स्विचच्या एकाच घरात मुकी झाली तर तो पिकअप, नाहीतर स्विचचा काळा पडलेला पत्रा. केबल हलवल्यावर गेली तर आधी केबल बदलून पाहायची. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात आणि मिस्त्रीचे पैसे बुडतात.

केबल बदलली. तरी गेली.

मग मिस्त्रीने केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावला. व्हॉल्यूम पूर्ण, स्विच एका पिकअपवर. आकडा साडेसहा किलोओहमच्या आसपास, म्हणजे केसापेक्षा बारीक तारेचे ते हजारो वेढे शाबूत. जॅकची होडीसारखी पाटी उघडून त्याने उदबत्तीच्या काडीने आतली एकेक वायर ढकलायला सुरुवात केली. पांढऱ्या वायरला काडी लागली आणि आकडा उडाला. सोडली, परत आला.

"हे पाहा," तो म्हणाला.

भिंगाखाली गुन्हेगार दिसला. वायरचे बाकी सगळे धागे तुटलेले, एकच जॅकच्या पायाला चिकटून. सोल्डरही चकचकीत नव्हतं. राखेसारखं करडं, भोवती बारीक भेग. कधीतरी जॅकचा नट ढिला झाला असणार आणि कोणीतरी बाहेरूनच पक्कडीने आवळला असणार. अशा वेळी नटाबरोबर आतला जॅकही फिरतो आणि वायरला पीळ बसतो. या दुरुस्तीनेच जास्त गिटारी मुक्या होतात, असं माझं ठाम मत आहे.

हा जॅक मुळात गिटारीचा नव्हेच. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून कॉल जोडणाऱ्यांसाठी तो निघाला. तिथे फळी जागची हलत नसे. इथे त्याला नाचणाऱ्या माणसाच्या कमरेशी बांधलंय.

जुनं सोल्डर काढलं, वायर थोडी कापून नव्याने सोलली, आयर्न पुरता तापू दिला. टाका गार होईपर्यंत मिस्त्रीने वायर हलू दिली नाही. नटाखाली दातेरी वॉशर घातला आणि आतून जॅक बोटांनी धरून मगच पाना फिरवला.

"आता नाही ना जाणार?"

"नट ढिला वाटला तर घेऊन ये. स्वतः पक्कड लावू नको, भाऊ."

टोनच्या एका बटणाची कुरकुर तेवढी राहिली. त्याला स्प्रे मारायचे वेगळे पैसे पडतील म्हटल्यावर मालक म्हणाला, राहू द्या, ते मी फिरवतच नाही.