फ्रिजची पाठ

मुलांनो, तुमच्या घरी फ्रिज असेल तर त्याचं दार तुम्ही दिवसातून दहा वेळा उघडत असाल. कधी थंड पाण्यासाठी, तर कधी उगाचच. पण फ्रिजची पाठ कधी पाहिली आहे का? मीही पाहिली नव्हती. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि घरात माझीच कशी फजिती झाली ते सांगते. हसलात तरी चालेल.

आम्ही मलकापूरला राहतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे लोक दोनच भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली घाटावर. तिथे संध्याकाळी जरा गार वारा सुटतो. आम्ही घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. मे महिन्यात इथे भिंतीसुद्धा रात्रभर तापलेल्या असतात.

अशाच एका मे महिन्यात सकाळी दूध नासलं. बर्फाच्या ट्रेमध्ये पाहते तो नुसतं पाणी. फ्रिजमधला दिवा लागत होता, घरघरही चालू होती. मधूनच ‘टक्’ असा आवाज होऊन ती थांबायची आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायची. दुधाचं एवढं काही नाही हो, पण फ्रिजच्या दारात माझ्या सासूबाईंचं इन्सुलिन होतं. त्यांना मधुमेह आहे, रोज दोन वेळा इंजेक्शन घ्यावं लागतं. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. आणि घरात तर ३९ अंश!

मेकॅनिकला फोन केला. “ताई, उन्हाळ्यात सगळ्यांचेच फ्रिज बिघडतात. तीन दिवस तरी यायले जमत नाही,” तो म्हणाला.

मी घाबरले. सासूबाई मात्र शांत. “काऊन घाबरतं वं एवढी? आपलं गाडगं हाये ना!”

त्यांनी परातीत वाळू पसरली, पाणी शिंपडून ओली केली, त्यात मातीचं कोरं गाडगं रोवलं. बाटल्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून डबी गाडग्यात ठेवली आणि वरून ओलं फडकं टाकलं. माठातलं पाणी गार होतं तोच हा प्रकार. ओलावा वाफ होऊन उडतो, उडताना गाडग्याची उष्णता घेऊन जातो. शाळेच्या विज्ञान पेटीतला थर्मामीटर माझ्याकडे होता, तो आत ठेवला. तासाभराने २७ अंश! डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “काही दिवस चालेल. उन्हापासून जपा. आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन मात्र कधीच वापरू नका.” जिवात जीव आला.

आता वळलो फ्रिजकडे. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा मुलगा, तेव्हा तो सहावीत होता. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून पेला फ्रिजमध्ये ठेवला. १७ अंश. म्हणजे फ्रिज अगदीच मेला नव्हता, दमला होता.

पहिला संशय दाराच्या रबरावर. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. ती सहज निसटली असती तर समजायचं, रबर सैल झालं, बाहेरची गरम हवा आत शिरते आहे. चारी बाजूंनी करून पाहिलं, पट्टी घट्ट. मग आतलं बटण पाहिलं. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. आमचं बटण शेवटच्या आकड्यावरच होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, मग कॉम्प्रेसर नुसता हुंकारतो आणि सुरू होत नाही. पण स्टॅबिलायझरचा काटा २२० च्या आसपास होता.

इतक्यात मुलाने मागच्या फटीत हात घातला. “आई, इथे तर तवा तापलाय!”

आणि मला एकदम आठवलं. आदल्या आठवड्यात कुरडया-पापड झाले होते. डबे ठेवायला जागा हवी म्हणून मीच फ्रिज कोपऱ्यात सारला होता. मागच्या फटीत गोधड्यांचं बोचकं कोंबलं होतं, तेही मीच!

मुलांनो, फ्रिज थंडी तयार करत नाही, बरं का. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. विहीर खणताना माती टोपल्यांनी वर आणतात ना, तसं. ती माती अगदी काठावरच टाकली तर घसरून परत विहिरीतच पडणार. फ्रिजच्या पाठीवरची काळी जाळी म्हणजे माती टाकायची जागा. (काही फ्रिजमध्ये ती बाजूच्या पत्र्याआड लपलेली असते, म्हणून बाजू गरम लागतात.) आमच्या जाळीवर बोटभर धूळ आणि वर गोधडी! उष्णता जाणार कुठे? कॉम्प्रेसर राबून राबून तापायचा आणि जळू नये म्हणून आपणच बंद पडायचा. तेच ते ‘टक्’.

मी प्लग काढला. हे काम मोठ्यांचं, तुम्ही हात लावू नका. मऊ ब्रशने जाळी झाडली, भिंतीपासून वीतभर जागा सोडली, प्लग लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगाच आधी उठून धावला. “आई, सहा!”

मेकॅनिक आला तेव्हा त्याने मागची पट्टी वाचून दाखवली. तिच्यावर ‘टी’ हे अक्षर होतं. म्हणजे फ्रिज ४३ अंशांपर्यंतच्या हवेत काम करेल असा बनवलेला. मलकापूरचा पारा कधीकधी त्याच्याही वर जातो. तेव्हा बिचाऱ्याला निदान श्वास तरी घेऊ द्यावा! जाता जाता त्याने मुलाच्या बाबांनाही टोकलं, कारण ते एकदा सुरीने बर्फ खरवडायला निघाले होते. त्या पातळ पत्र्याला भोक पडलं की गॅस गेला. हल्ली पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा. बर्फ जाड झाला तर फ्रिज बंद करून तो आपोआप वितळू द्यायचा. भाजीच्या डब्याखाली पाणी साचलं तर बहुधा मागचं बारीक भोक तुंबलेलं असतं. आणि झटका बसला किंवा जळका वास आला तर लगेच मेन स्विच बंद करून त्याला बोलवायचं, स्वतः काही उघडायचं नाही.

इन्सुलिन पुन्हा फ्रिजमध्ये गेलं. मी वाळूची परात उचलायला लागले, तर सासूबाईंनी हात धरला. “राहू दे वं. लाइट का सांगून जाते?”

दर उन्हाळ्यात ते गाडगं फ्रिजच्या शेजारीच असतं. त्यावर पाणी शिंपडायचं काम मुलाकडे आहे.