नक्षी शाबूत, टायर म्हातारा

प्रिय मंदार,

तुझं म्हणणं असं, की गाडी सात वर्षांची, धावली जेमतेम बावीस हजार किलोमीटर, टायरची नक्षी अजून ठसठशीत. तरी टायरवाला चारही बदला म्हणतो, म्हणजे तो गंडवतोय. माझ्या मते या वेळी तो गंडवत नाहीये. टायर घासून संपतो, तसा वयानेही संपतो. टॅक्सीचा घासून संपतो. आठवडाभर सोसायटीत उन्हात उभ्या असलेल्या तुझ्या गाडीचा वयाने. नक्षी फक्त घासल्याचा हिशेब देते. खाचांच्या तळाशी बारीक आडव्या पट्ट्या असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे नियमानेच बाद. (पावसात पाणी बाहेर फेकायला एवढी खाच अपुरी पडते; मी तर ३ मिलिमीटरलाच रजा देईन.) तुझा टायर यात पास होईल, पण या परीक्षेत वयाचा पेपरच नाही.

वय लिहिलेलं असतं टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटच्या चार आकड्यांत. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा, ऑगस्ट महिना. हे चार आकडे बहुधा एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत बसवली असेल तर वाकून टॉर्च मारावा लागतो. तू म्हणशील, गाडी उभीच होती, मग टायर म्हातारा कसा झाला? उभी होती म्हणूनच. रबराला भेगांपासून वाचवणारं मेण टायरमध्ये मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो, वाकतो, तसं ते पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत ते काम मंदावतं, ऊन आणि हवा मात्र आपलं काम करत राहतात. आतले थर कडक झालेले तर बाहेरून दिसतही नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मिशेलिनसारखी कंपनीच पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी काढून टाका असं सांगते, मग सातव्यालाच खर्च का? तू गावातल्या गावात फिरणार असतास तर मीही तपासून घे आणि वर्षभर थांब म्हटलं असतं. पण दहा ही शेवटची हद्द झाली, हमी नव्हे. आणि तू मे महिन्यात पाच माणसं नि सामान घेऊन समृद्धीवरून नागपूरला निघालायस. तापलेलं काँक्रीट, ताशी १२० ची परवानगी, तासन् तास एकच वेग. टायरवर ‘८८एच’ लिहिलंय, म्हणजे ५६० किलो आणि ताशी २१० पर्यंत चालतो, हे खरं. पण तो आकडा धडधाकट आणि हवा नीट भरलेल्या टायरचा.

हवेवरून आठवलं. उन्हाळ्यात हवा वाढते म्हणून दोन पॉइंट कमीच भर, असा सल्ला पंपावर हमखास मिळेल. ऐकू नकोस. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त वाकते आणि जास्त तापते. फुटण्याचं मोठं कारण तेच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आकडा छापलेला असतो, तो उन्हाळा धरूनच ठरवलेला असतो. सकाळी टायर थंड असताना तेवढी भर, भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो.

नवे घेताना साइज आणि भारांक कंपनीने दिलेलेच ठेव, रुंद टायरच्या हौसेत पडू नकोस. आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. दुकानात पडून राहिलेला तीन वर्षांचा ‘नवा’ टायरही विकला जातो. बजेट दोघांचंच असेल तर नवे दोन मागे बसव. टायरवाला पुढे बसवू म्हणेल, पण पावसात मागची चाकं सुटली की गाडी आवरत नाही.

आणि टॉर्च हातात असेल तेव्हा डिकीतली स्टेपनीही बघ. ती एकदाही रस्त्याला लागली नसली तरी वयाने बाकीच्या चौघांएवढीच आहे. पाचही आकडे मला कळव.

तुझा,
मामा