ढगांचा पहारेकरी

कांहीं कामें अशीं असतात, कीं तीं नीट झालीं म्हणजे कोणाच्या ध्यानांतही येत नाहींत. हें तत्त्व आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. पण तें घरांतच शिकावें लागेल अशी कल्पना नव्हती.

आमचे चिरंजीव वसईस आमच्याच घरीं राहून निरनिराळ्या संस्थांच्या संगणकांची रखवाली करितात. 'हायब्रिड क्लाउड' म्हणजे काय, तें त्यांनीं एकदां समजाविलें. संस्थेचे कांहीं हिशेब तिच्या स्वतःच्या यंत्रांवर असतात, कांहीं दूरच्या, भाड्यानें घेतलेल्या यंत्रांवर. दोहोंमधील वाट अखंड चालू ठेवावयाची, आणि तिच्यावरून चोरास येऊं द्यावयाचें नाहीं.

"म्हणजे आपला वसईचा किल्लाच!" आम्ही उद्गारलों. "त्यालाही एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे."

"पण बाबा, 1739 सालीं चिमाजीअप्पांच्या फौजेनें बुरुजाखालीं सुरुंग उडविले. आमची खरी काळजी ती."

आम्हीं तें हंसण्यावारी नेलें.

19 जुलै 2024 रोजीं आमच्या मातोश्रींचें वर्षश्राद्ध होतें. त्याच सकाळीं एका परदेशी कंपनीनें आपल्या पहारेकरी प्रणालीची एक सदोष फाइल जगभर पाठविली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें सुमारें 85 लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानाचे बोर्डिंग पास हातानें लिहून देण्याची पाळी आली. चोर कोणी नव्हताच. पहारेकऱ्यानेंच दार लावून घेतलें होतें! फाइल दीड तासाच्या आंत मागें घेतली गेली, पण पडलेलीं यंत्रें बहुतेक एकेक करूनच उठवावीं लागलीं. भाड्याच्या यंत्रास तर हातही लावतां येत नाहीं. बसल्या जागेवरून त्याची डिस्क सोडवावयाची, दुसऱ्या यंत्रास जोडून ती फाइल पुसावयाची, आणि डिस्क पुन्हां जागच्या जागीं बसवावयाची.

पानें वाढलीं, तरी चिरंजीव खोलीबाहेर येईनात. "आजीपेक्षां ढग मोठे झाले काय?" आम्ही दारांतूनच कडाडलों. उत्तर आलें नाहीं.

रात्रीं दोन वाजतां पाणी प्यावयास उठलों, तों त्यांच्या खोलींत दिवा. कागदावर यंत्रांची यादी, आणि एकेकापुढें खूण. अगदीं वरच्या चार नांवांकडे आम्हीं पाहिलें.

"तीं इस्पितळाचीं, बाबा. तीं आधीं उठविलीं," मान वर न करितां चिरंजीव म्हणाले.

श्राद्धाची खीर झांकून ठेविलेली होती. ती आम्हीं मुकाट्यानें त्यांच्यापुढें आणून ठेविली.

दुसऱ्या दिवशीं त्या इस्पितळांत औषधांच्या चिठ्ठ्या नेहमीप्रमाणें निघाल्या असतील. त्या कोणाच्या जागरणानें निघाल्या, हें विचारावें असें कोणास वाटलें नसेल. त्या रात्रीपर्यंत आम्हांस तरी कोठें वाटलें होतें?