जाळे विणणारा, जाळे टाकणाराही (२)

गेल्या वर्षी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला श्लेष शिकवताना मी फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘जाळे विणणारा, जाळे टाकणाराही (२)’. कंसातला आकडा अक्षरांचा. उत्तर सोपे होते, निदान मला तसे वाटत होते. कोळी. भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणतो तो कोळी आणि समुद्रात जाळे टाकतो तोही कोळी. एका शब्दाच्या दोन व्याख्या शेजारी ठेवायच्या आणि मधला सांधा असा बुजवायचा, की वाचणाऱ्याला तेथे एकच माणूस दिसावा. कूट शब्दकोड्यातला हा सर्वांत साधा प्रकार. वर्गातून दोन-तीन ‘कोळी’ आले. मी खडू खाली ठेवणार, तोच मागच्या बाकावरून आणखी एक उत्तर आले : ‘बाबा’.

वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब अजून माझ्याकडून चुकता झालेला नाही.

शब्दकोड्यांचा नाद मला गाडीत लागला. मी नवापूरचा. एम.ए.साठी बोईसरहून मुंबईला जात असे तेव्हा विरारच्या पुढे लोकल येत नव्हती. ती डहाणूपर्यंत आली २०१३ साली. शटलमध्ये जागा मिळाली तर मिळाली. रोजच्या सहप्रवाशांत हिशेबनीस म्हणून नोकरी करणारे एक गृहस्थ होते. इंग्रजी वर्तमानपत्राची चौपदरी घडी करून ते कूट शब्दकोडे सोडवत बसत. मी कधी आगाऊपणे उत्तर सुचवले, तर पेन उचलायचेच नाहीत. म्हणत, “उत्तर कोणीही ठोकून देईल. वाट सांगा.” मग सूत्रातल्या एकेका शब्दावर पेनचे टोक ठेवून विचारत, हा कशाला आला आहे? एकही शब्द बिनकामाचा राहिला, तर उत्तर बरोबर असूनही ते घरात लिहीत नसत. विद्यापीठाचा अनादर करायचा नाही. पण वाचन म्हणजे काय, हे मी व्याख्यानगृहात जितके शिकलो त्याहून अधिक उमरोळी ते विरारच्या दरम्यान शिकलो. आपल्याकडे रसग्रहणात ‘येथे कवीला असे सुचवायचे असावे’ म्हणून सुटका करून घेता येते. त्या घडीच्या कागदावर तशी सोय नव्हती.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला : आर्थर विन याने १९१३च्या डिसेंबरात ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले छापले. ते सरळ होते, शब्दाचा अर्थ देऊन शब्द मागणारे. त्याला वाकडी वाट इंग्रजांनी दाखवली, ती १९२०च्या दशकात. ‘ऑब्झर्व्हर’चा कोडेकार टॉर्केमाडा हे नाव लावी, त्याच्यामागून आलेला झिमेनेस हे, दोन्ही नावे स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची. सोडवणाऱ्यांचा छळ करायचाच, तर उघडपणे करावा, हा त्यातला विनोद. पण छळालाही कायदा असतो. आफ्रिट नावाच्या कोडेकाराने १९४९ साली तो मांडला. आपण जे बोलतो ते आपल्या मनात नसले तरी चालेल, मात्र जे मनात आहे ते आपल्या शब्दांतून निघालेच पाहिजे, असा त्याचा आशय. झिमेनेसने १९६६च्या आपल्या पुस्तकात तो आणखी आवळला : सूत्रात उत्तराची नेमकी व्याख्या हवी, उत्तर घडवण्याची युक्ती हवी, आणि तिसरे काहीही नको.

हे मराठीत का नसावे? आपल्या दैनिकांतली शब्दकोडी बहुतेक विनच्याच मुक्कामावर आहेत. ‘कमळ’ म्हटले की ‘पंकज’ लिहायचे आणि पुढे जायचे. वास्तविक आपल्याकडे सामग्री भरपूर आहे. वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ म्हणत राम गाठला, ही उलटापालटीची कथा लहानपणापासून आपल्या कानांवर असते. (येथेही कोळीच.) मी स्वतः काही सूत्रे करून पाहिली. ‘लाचार, कारण नदी उलटली (२)’ : नदी उलटी वाचली की दीन. ‘अथवा सैन्य, होड्या बुडवणारे (३)’ : अथवा म्हणजे वा, सैन्य म्हणजे दळ, दोन्ही मिळून वादळ.

अडचण येते ती अक्षरांची जुळवाजुळव करताना. इंग्रजीत प्रत्येक वर्ण सुटा. कोठूनही उचला, कोठेही बसवा. आपल्या घरात बसते ते सबंध अक्षर, कानामात्रा-वेलांटीसकट. आता ‘नवरा’ या शब्दातला काना सुटा करून ‘व’ला लावला आणि तीन अक्षरांची जागा बदलली, तर ‘वानर’ होतो. ही जुळणी सांगितली की हशा हमखास. पण ती न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. मात्रा अक्षराच्या अंगची आहे, अंगावरची नाही. विनोद हातचा जातो याचे वाईट वाटते, पण नियम म्हणजे नियम.

नियमांचे हे वेड विलायती आहे, असे समजण्याचे कारण नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात सोळा प्रकारच्या प्रहेलिका सांगितल्या आहेत, पूर्वाचार्यांनी चौदा दुष्ट प्रहेलिकाही सांगितल्याची नोंद केली आहे. त्यांपैकी ‘समागता’त संधीमुळे अर्थ लपतो, ‘वंचिता’त शब्दाचा रूढ अर्थ फसवतो. त्यांचे उपयोगही तो सांगतो : गोष्ठीतली करमणूक, गर्दीत जाणकारांनी जाणकारांशी करायचे गुप्त बोलणे, आणि दुसऱ्याला भुलवणे. केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला आणि कौरव रडू लागले, असे सांगणारा कूटश्लोक संस्कृतच्या मास्तरांनी अनेकांना घातला असेल. महाभारताची सगळी बाजूच तेथे उलटलेली दिसते. पण ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शव’ म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे, असे फोडले की उरतो पाण्यात पडलेला एक मुडदा. कावळ्याला तो मिळणार, कोल्ह्यांना नाही. कथा गेली, पण एकही शब्द वाया गेला नाही. ही झाली वाट.

त्या दिवशी तास संपल्यावर ‘बाबा’ म्हणणारी मुलगी माझ्यापाशी आली. ती आमच्याच किनाऱ्यावरची. तक्रारीचा सूर नव्हता. तिने विचारले, “सर, बाबा का नाही?” मी सांगितले की, सूत्रात शब्दाची व्याख्या असावी लागते, एखाद्या व्यक्तीचे वर्णन नव्हे, बाबा म्हणजे जाळे विणणारा, असे कोणत्याही कोशात मिळणार नाही. ते तिला पटले असावे. पण तिचा मुद्दा निराळाच होता. “तुमच्या उत्तरात विणणारा वेगळा आणि टाकणारा वेगळा. वाक्यात तर ‘ही’ आहे. जो विणतो तोच टाकतोही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बाबा ओट्यावर बसून जाळी विणतात, फाटलेली सांधतात. नारळी पौर्णिमेनंतर तीच घेऊन जातात.” आणि मग, जाता जाता : “आणि आम्ही कोळी नाही, सर. आम्ही मांगेले.”

मी नवापूरला जन्मलो, वाढलो. मांगेला समाजाच्या वस्तीतून माझी रोजची वाट जाते. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नळीतून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते, त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापुढे चाललेले २०१६चे प्रकरण अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेचे, हेही मला ठाऊक होते. तरी सूत्र रचताना माझ्यासमोर किनारा नव्हता, कोश होता. कोशात ‘कोळी’ आहे आणि त्याला दोन अर्थ आहेत. मला तेवढे पुरले.

उत्तर ‘कोळी’च, यावर मी आजही ठाम आहे. पण सूत्र सदोष होते. तो ‘ही’ मी डौलासाठी घातला होता, आणि कामावर लागला तो तिच्या वाचनात. गाडीतल्या त्या गृहस्थांनी माझे उत्तर घरात लिहिले नसते.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात हे सगळे सांगितले आणि फळ्यावरचे सूत्र ‘जाळे विणणारा, जाळे टाकणारा (२)’ असे दुरुस्त केले. ते आता निर्दोष आहे आणि बरेच निर्जीवही. मग प्रत्येकाला आपापल्या गावाच्या नावावर एक सूत्र करून आणायला सांगितले. बहुतेकांनी ओढूनताणून काहीतरी आणले. ‘बोईसर’ला तर कोणी हातही लावला नाही. तिने आणले ते असे : ‘ताजा लोंढा, गाव मात्र जुनेच (४)’.

ताजा म्हणजे नवा, लोंढा म्हणजे पूर. नवापूर. तिकडे नंदुरबार जिल्ह्यात दुसरे नवापूर आहे, ज्याचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. नुसत्या ‘गाव’ या व्याख्येत तेही बसले असते, पण तो दोष किरकोळ. मी सवयीने शब्दाशब्दावर खडूचे टोक ठेवत गेलो आणि शेवटी थांबलो. “‘मात्र जुनेच’ हे शब्द काही काम करत नाहीत,” मी म्हणालो. “व्याख्या ‘गाव’ या शब्दापाशीच संपते. झिमेनेस हे काढून टाकायला लावेल.”

तिने फळ्याकडे थोडा वेळ पाहिले. “काढा, सर,” ती म्हणाली, “पण मग सांगितले काय?”

तास संपल्याची घंटा झाली. त्या दिवशी मी फळा पुसला नाही.