बेदाण्याचा भार

वाळूची रास दाबली तर कण घसरतात, फिरतात. स्वतः फारसे बदलत नाहीत. बेदाण्याचे तसे नाही. तेथे कणच चेपतो, शेजाऱ्याच्या अंगात शिरतो आणि भार काढल्यावरही पूर्ववत होत नाही. तासगाव-सांगलीकडे १५ किलोंच्या पेट्यांची थप्पी लागते, तेव्हा तळाच्या पेटीत हेच चाललेले असते. चार किलो द्राक्षांतून जेमतेम एक किलो बेदाणा निघतो. त्याची ढेप झाली की सौद्यात भाव कोसळतो. आमच्या घरच्या मालाचे तेच झाले. व्यापारी म्हणाला, माल ओला. आमचे म्हणणे, थप्पी उंच. शब्दांनी मिटणारा हा वाद नव्हता.

तेव्हा मोजून पाहायचे ठरविले. कार्ल टेर्झागी याने इस्तंबूलमध्ये मातीच्या खचण्याचे शास्त्र (ग्रंथ १९२५चा) जुन्यापुराण्या सामानावरच उभे केले होते. तेवढा आधार पुरे झाला. १०० चौरस सेंटिमीटर तळाचा पत्र्याचा डबा, आत सैल बसणारी लाकडी चकती, तिच्यावर बादली. दहा पेट्यांचे १५० किलो, पेटीचा तळ अंदाजे १२०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे डब्यावर साडेबारा किलो, बादलीच्या वजनासह तेवढे पाणी. (पुठ्ठाही थोडा भार पेलतो, तो हिशेब सोडून दिला.) चकतीची हालचाल सायकलच्या तारेचा काटा दहापट करून दाखवी. बेदाणा मात्र उथळच भरला. उंच राशीचा बराचसा भार भिंतीच घर्षणाने पेलतात, हे यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली धान्याच्या कोठारांबाबत दाखवून ठेवले आहे.

पाणी ओतताच काटा झटकन उतरला, मग रांगू लागला. एक ते दहा मिनिटांत जेवढा उतरला, जवळपास तेवढाच दहा ते शंभर मिनिटांत. महिनोन्‌महिने उभ्या थप्पीचे काय होत असेल, हे तेथेच उमगले. तरीही डबा उपडा करून थोपटल्यावर दाणे सुटे झाले.

जुलैत तोच बेदाणा साताऱ्यास ताईकडे नेला आणि आठ दिवस परातीत उघडा ठेवला. तेथील पावसाळी हवा पिऊन तो मऊ, चिकट झाला. त्याच साडेबारा किलोंखाली अधिक खचला आणि अखंड वडी होऊन निघाला. शीतगृहातून काढलेली गार पेटी अशाच हवेत घामेजते. म्हणजे ओल आमच्या खळ्यावरचीच असेल, असे व्यापाऱ्यास म्हणता येणार नाही. आणि नुसत्या उंचीवरही सारे ढकलता येणार नाही.

यंदा सहाच पेट्यांची थप्पी लावली आहे, आतील पिशव्या घट्ट बांधून. व्यापाऱ्यास आकडे दाखविले. त्याने बादलीचीच अधिक चौकशी केली.