गुरगुरणे ही नोटीस असते

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्या वाकडेपणाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण ते शेपूट स्वतः काय सांगते याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. हलले म्हणजे कुत्रा खूश, एवढीच आपली समजूत असते. खरे तर पाळलेले कुत्रे आणि मांजर दिवसभर आपल्याला काही ना काही सांगत असतात. ते वेळेवर कळले नाही तर एखाद्या मुलाला चावा बसतो आणि त्या मुक्या जिवाला घर गमवावे लागते. आमच्या घरी अशी वेळ येऊन ठेपली होती, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्याकडे शेरू नावाचा कुत्रा आणि मनी नावाची मांजर आहे. एका दिवाळीत दादा-वहिनी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याहून इंदूरला आले. भाच्याला शेरूचा फार लळा. दिवसभर त्याच्या गळ्यात हात टाकून बसायचा. शेरू जांभई द्यायचा, ओठ चाटायचा, तोंड दुसरीकडे फिरवायचा. "आत्या, त्याला झोप आली बघ," असे म्हणून भाचा त्याला आणखी घट्ट धरायचा. तिसऱ्या दिवशी शेरू गुरगुरला. वहिनीने धावत येऊन मुलाला उचलले.

रात्री जेवताना तोच विषय निघाला. "उद्या पोराच्या तोंडाला चावला म्हणजे? ओळखीच्या कुणाच्या तरी शेतावर नेऊन सोडू," दादा म्हणाला. बापाच्या काळजीला चूक कसे म्हणायचे? पण आठ वर्षे घरात वाढलेल्या प्राण्याला दिवाळीत घराबाहेर काढायचे, हेही आईला पटेना. शेवटी, आधी डॉक्टरांना दाखवू आणि मग ठरवू, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

डॉक्टरांनी शेरूला तपासले, तेव्हा उजवा कान आतून लालभडक झालेला दिसला. गळ्यात हात टाकला की नेमका तोच कान दाबला जात होता. त्यात तीन रात्री फटाक्यांमुळे झोप नव्हती. त्यांनी विचारले, "गुरगुरल्यावर कुणी मारलं का त्याला?" आम्ही नाही म्हटले. "बरं झालं," ते म्हणाले. "गुरगुरणं ही नोटीस असते. नोटीस दिली म्हणून मार बसला, तर पुढच्या वेळी तो नोटीस न देताच चावेल."

हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांच्या मनावर कोरले गेले. त्या निमित्ताने मी या विषयावर जमेल तेवढे वाचले, त्यातले थोडे येथे सांगते.

केंडल शेफर्ड या ब्रिटनमधील पशुवैद्यांनी कुत्र्याच्या अशा वागण्याची एक शिडीच मांडली आहे. सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर जांभई, डोळ्यांची उघडझाप आणि नाक चाटणे. मग मान फिरवणे, अंग फिरवणे, उठून निघून जाणे. त्यानंतर कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे. मग अंग ताठ करून रोखून बघणे, मग गुरगुरणे, हवेत दात मारणे आणि अगदी शेवटी चावणे. "मला हे नको आहे, जरा दूर हो," एवढेच तो प्रत्येक पायरीवर सांगत असतो. खालच्या पायरीवर ऐकले गेले तर वर चढण्याची त्याला गरज पडत नाही. शेरूची झोपाळू वाटणारी जांभई ही त्या शिडीची पहिली पायरी होती.

आता शेपटीविषयी. इटलीतील काही संशोधकांनी २००७ साली तीस कुत्र्यांवर एक प्रयोग केला. मालक समोर आला की शेपूट उजव्या बाजूला जास्त झुकून हलायचे आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डाव्या बाजूला. म्हणजे शेपूट दोन्ही वेळा हलतच होते! म्हणून नुसते शेपूट पाहू नये, सगळे अंग पाहावे. अंग सैल आणि तोंड किंचित उघडे असेल तर स्वारी मजेत आहे. अंग ताठ आणि शेपूट उंच, थरथरते असेल तर चार हात दूर राहावे.

मांजरांचे व्याकरण निराळे. मांजर शेपूट उभे धरून जवळ आले तर ते मैत्रीचे लक्षण, पण शेपूट जोरजोरात आपटू लागले तर "आता पुरे." पोट वर करून लोळली म्हणजे पोटाला हात लावा, असे तिचे म्हणणे नसते. घुरघुर समाधानाची असते, तशी दुखण्यातलीही असू शकते. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की माणसाने मांजराकडे पाहत डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडले, तर मांजरही बरेचदा तसेच उत्तर देते आणि जवळ यायला तयार होते. मुलांनी हा प्रयोग घरी अवश्य करून पाहावा.

मांजर एकदम गादीवर शू करू लागले तर त्याला खोडी समजून रागावू नये. लघवीच्या जागी दाह होत असेल, किंवा घरात नवीन माणूस, रंगकाम, दुसरे मांजर अशा कारणांनी मनावर ताण आला असेल. बोका पुन्हा पुन्हा बसतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. त्यात जिवाला धोका असतो. मांजरांना उंचावर बसायला एखादी फळी आणि लपायला एखादे खोके मिळाले, तरी त्यांचा बराचसा ताण कमी होतो.

आवाजाचेही तसेच. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० आणि मांजराला त्याहूनही जास्त. दिवाळीचे फटाके किंवा रंगपंचमीच्या गेरीतील ढोल-डीजे त्यांना कसे वाटत असतील, याची कल्पना करावी. अशा वेळी आतली खोली, ओढलेले पडदे, पंखा किंवा रेडिओचा हलका आवाज आणि जवळ आपले माणूस, एवढे पुरते. जवळ घेतल्याने कुत्रा भित्रा होतो ही समजूत खरी नाही. जवळ आला तर कुरवाळावे, पलंगाखाली जाऊन बसला तर ओढून काढू नये.

आमच्या घरी त्या दिवाळीपासून काही नियम झाले. खाताना, झोपेत आणि पिलांजवळ प्राण्याला हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही. दोन-तीन क्षण कुरवाळून थांबायचे, त्याने स्वतःहून आणखी मागितले तरच पुढे. आणि लहान मूल व कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत ठेवायचे नाही. भाच्याने हे नियम स्वतःच्या हाताने लिहून दाराला चिकटवले. शेरूचा कान औषधाने बरा झाला. शेतावर सोडण्याचा विषय दादाने पुन्हा काढला नाही.

तरीही कधी चावा बसला किंवा ओरखडा निघाला, तर मुलांनी रागावतील या भीतीने घरी लपवू नये. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. घरच्या प्राण्यांनाही ही लस नियमित टोचून घ्यावी.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्यांची भर पडली. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे त्यांतील एक कर्तव्य आहे आणि नागरिकशास्त्राच्या तासाला मुले ते पाठ करतात. शिक्षकांना आणि विश्वस्त मंडळाला माझी एवढीच विनंती, की दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक वर्गात पंधरा मिनिटे ही शिडी फळ्यावर काढून मुलांना समजावून द्यावी. सुट्टीत पाहुणे येतात, फटाके वाजतात आणि घरोघरचे शेरू जांभया देऊ लागतात. त्या जांभईचा अर्थ ओळखणारे एखादे मूल घरात असले, तर पुढचे बरेच काही टळेल.